टास्कला फाइल जोडण्याआधी

‘कनेक्ट’ असं लिहिलेलं बटण दाबलं, हिरवी खूण उमटली, म्हणजे काम फत्ते असं ज्यांना वाटतं त्यांनी डॉक्युमेंट कंट्रोलरच्या खुर्चीत आठवडाभर बसून बघावं. मी त्या खुर्चीत बसते. ऑफिस इंजिनियरिंग डिझाइनचं, त्यामुळे ड्रॉइंग हाच आमचा माल. कोणतं ड्रॉइंग कितव्या रिव्हिजनला (सुधारित आवृत्तीला) आहे, कुणाकडे गेलं, कुणी मंजूर केलं आणि जुनं अजून कुणाच्या हातात उरलंय का, हे सांभाळायचं काम माझं. टास्कखालीच (नेमून दिलेल्या कामाखालीच) त्याची फाइल उघडावी म्हणून प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर कंपनीच्या क्लाउड स्टोरेजला जोडायचं ठरलं की मीटिंगला आयटीवाल्यांसोबत मलाही बोलावतात. आयटीला जोडणी चालू करायची असते. ती चालू झाल्यावर कुणाला काय काय दिसायला लागेल, याची काळजी माझ्या वाट्याला येते.

बटणाचा भाग आधी उरकते, कारण तो खरोखरच छोटा आहे. बहुतेक सगळ्या जोडण्या ओ-ऑथ २.० या पद्धतीने होतात. तिचं मूळ दस्तऐवज, आरएफसी ६७४९, ऑक्टोबर २०१२चं. गंमत अशी की तुमचा पासवर्ड प्रोजेक्टच्या सॉफ्टवेअरला कधी कळतच नाही. तुम्ही गूगलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या पानावर लॉग-इन करता, ‘याला एवढं एवढं करू दे’ म्हणून परवानगी देता आणि सॉफ्टवेअरच्या हातात एक टोकन, म्हणजे मुदतीचा डिजिटल पास, पडतं. गूगलचं टोकन साधारण तासाभरात बाद होतं, मग सॉफ्टवेअर सोबत मिळालेलं रिफ्रेश टोकन दाखवून नवं घेतं. हे सगळं पडद्यामागे चालतं, आपल्याला त्यात काही करायचं नसतं.

करायचं असतं ते एवढंच, की मधे जो परवानगीचा पडदा येतो तो वाचायचा. तिथे सगळे ‘अलाऊ’ दाबून मोकळे होतात. गूगल ड्राइव्हच्या बाबतीत त्या पडद्यावर दोन अगदी वेगळ्या गोष्टी मागितल्या जाऊ शकतात. एक, सरसकट ‘ड्राइव्ह’: म्हणजे तुम्हाला जे जे दिसतं ते सगळं त्या सॉफ्टवेअरला वाचता येईल, बदलता येईल, पुसताही येईल. दुसरी ‘ड्राइव्ह डॉट फाइल’: सॉफ्टवेअरने स्वतः तयार केलेल्या किंवा तुम्ही निवडून दिलेल्या फाइलींपुरतीच मुभा. मायक्रोसॉफ्टकडेही असाच फरक आहे. ‘साइट्स डॉट रीड डॉट ऑल’ दिलं की कंपनीच्या सगळ्या शेअरपॉइंट साइट (फाइली ठेवायच्या मायक्रोसॉफ्टवरच्या सामाईक जागा) वाचायला मोकळ्या. ‘साइट्स डॉट सिलेक्टेड’ दिलं तर ॲडमिनने नाव घेऊन दिलेल्या साइटपुरतंच. अरुंद परवानगीत थोडी गैरसोय आहे. नुसती लिंक चिकटवून काम भागत नाही, फाइल निवडायच्या खिडकीतून जावं लागतं. माझ्या मते ही गैरसोय सोसावी. टास्कला चार ड्रॉइंग लावता यावीत म्हणून पगाराच्या फाइलींपर्यंतचा रस्ता कुणाला कशाला खुला करायचा?

आता ते बटण दाबतं कोण, हा प्रश्न. इथे माझा आयटीशी वाद ठरलेला असतो. उत्साही माणूस आपल्याच खात्यातून जोडून टाकतो, आणि चालतंही छान, तो नोकरी सोडेपर्यंत. मी आधी जिथे होते तिथे एका प्लॅनिंग इंजिनियरने असंच केलं होतं. तो गेला, एचआरने शिरस्त्याप्रमाणे खातं बंद केलं आणि सोमवारी सकाळी प्रत्येक टास्कखालची फाइलची चौकट रिकामी. फाइली जागेवर होत्या, पण टोकन त्याच्या नावाचं होतं. त्यातल्या काही फाइली तर त्याच्या स्वतःच्या ‘माय ड्राइव्ह’मध्ये होत्या, आणि ते प्रकरण आणखी वाईट. गूगल वर्कस्पेसमध्ये (संस्थांसाठीच्या गूगल खात्यांत) पुसलेलं खातं परत आणायला ॲडमिनकडे २० दिवस असतात. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर, म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्यातल्या स्टोरेजवर, कुणी सेटिंग बदललेलं नसेल तर, गेलेल्या माणसाच्या फाइली ३० दिवस राहतात. इतक्या दिवसांत कुणाच्या लक्षात आलं तर ठीक.

म्हणून दोन गोष्टींवर मी अडून बसते. जोडणीचं खातं कुणा माणसाचं नको, कंपनीचं वेगळं खातं हवं, आणि त्याचा मेल किमान दोघांनी बघायला हवा. आणि फाइली गूगलच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये किंवा शेअरपॉइंटच्या साइटवर हव्यात, कारण तिथे फाइलची मालकी संस्थेची असते, अपलोड करणाऱ्याची नसते. ‘सगळ्यांना शेअर केलंय की!’ हे उत्तर मला पुरत नाही. शेअर केलेलं म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचं बघायला मिळालेलं.

एक किस्सा सांगण्यासारखा आहे. एका व्हेंडरने आम्हाला प्रोजेक्टचा बोर्ड (सगळी टास्क जिथे दिसतात तो पडदा) आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये चालणारी छोटी जोडणी लिहून दिली. मंगळवारी सुरू केली, पुढच्या मंगळवारी बंद पडली. पुन्हा परवानगी दिली, पुन्हा चालू, पुन्हा पुढच्या मंगळवारी बंद. व्हेंडर सर्व्हरला दोष देत होता, आमचा नेटवर्कवाला व्हेंडरला. मला यातलं कोडिंग कळत नाही, पण तारखा कळतात. बरोबर सात दिवसांनी मरणारी गोष्ट बिघडलेली नसते, तिला कुणीतरी सात दिवसांची मुदत घातलेली असते. झालंही तसंच निघालं. बाहेरच्या वापरकर्त्यांसाठीचं ॲप गूगलकडे ‘टेस्टिंग’ अवस्थेत नोंदवलेलं असेल तर त्याचं रिफ्रेश टोकन सात दिवसांत संपतं, आणि हे त्यांच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे. व्हेंडरने ॲप टेस्टिंगमधून पुढे सरकवलंच नव्हतं. शेवटी ते आमच्याच वर्कस्पेसखाली ‘इंटर्नल’ (फक्त संस्थेतल्या लोकांसाठीचं) म्हणून नोंदवून घेतलं आणि मंगळवारचं संकट टळलं.

अशाच आणखी एका मुदतीची गाठ पुढेमागे पडते. फाइल बदलली की बोर्डला कळवणारी जी सोय असते, तिलाही शेवटची तारीख असते. गूगलवर एका फाइलवर ठेवलेली पाळत फार तर एक दिवस टिकते, सगळ्या बदलांवरची एक आठवडा. नूतनीकरण आपोआप होत नाही, जोडणाऱ्या सॉफ्टवेअरने ते करायचं असतं. ते राहिलं तर एरर येत नाही, नुसत्या सूचना यायच्या थांबतात. मला या प्रकाराची जास्त भीती वाटते, कारण शांतता म्हणजे ‘काही बदल नाही’ असा सगळे अर्थ घेतात.

आता मूळ दुखणं. प्रोजेक्टच्या सॉफ्टवेअरमध्ये माणसांची एक यादी असते: या प्रोजेक्टमध्ये कोण, कुणाला काय करता येतं. स्टोरेजमध्ये दुसरी यादी असते: या फोल्डरमध्ये कोण, कुणाला वाचता येतं, कुणाला बदलता. जोडणी केल्याने या दोन याद्या एक होत नाहीत. फार थोड्या जोडण्या तसा प्रयत्न तरी करतात. बाकीच्या एका यादीतल्या माणसाला दुसऱ्या यादीच्या दारात नेऊन उभं करतात आणि तिथे सोडून देतात.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. बांधकामाच्या साइटवरच्या इंजिनियरला टास्क येतं, ‘पायाचं ड्रॉइंग तपासा’. खाली फाइल आहे. तो मोबाइलवर टिचकी मारतो. ‘तुम्हाला परवानगी नाही, मागणी करा.’ तो मागणी करतो. मेल जातो फाइलच्या मालकाला, म्हणजे आमच्या सीनियर ड्राफ्ट्समनना, आणि ते जेवायला गेलेले असतात. साइटवर लोक खोळंबलेले. तासाभरात अशा मागण्यांचा ढीग साचतो. ड्राफ्ट्समन परत येतात, वैतागतात आणि फाइलचं सेटिंग ‘लिंक असलेला कुणीही’ करून टाकतात. सगळ्यांची कामं सुरू होतात, आणि त्या दिवसापासून ते ड्रॉइंग लिंक मिळालेल्या जगातल्या कुणालाही उघडता येतं. यात कुणाच्याच मनात काही वाईट नव्हतं. काका (ड्राफ्ट्समनना आम्ही सगळे काकाच म्हणतो) तर नियमाला फार पक्के. पण जोडणीच अशी होती की नियम पाळणाऱ्याला दिवसभर मेलला उत्तरं देत बसावं लागे आणि मोडणाऱ्याची सुटका होई.

शेअरपॉइंट वापरत असाल तर इथे एक साधा उपाय आहे, आणि तो फार कमी लोक वापरतात. लिंक घेताना प्रकार निवडता येतो: कुणीही, संस्थेतले लोक, ठरावीक माणसं, आणि ‘ज्यांना आधीच प्रवेश आहे ते’. टास्कमध्ये टाकायची लिंक नेहमी या शेवटच्या प्रकारची घ्यावी. ती नुसता पत्ता सांगते, परवानग्यांना हात लावत नाही. बाकीचे प्रकार घेतले की प्रत्येक लिंकसरशी त्या फाइलला स्वतःच्या वेगळ्या परवानग्या चिकटतात आणि ती फोल्डरच्या शिस्तीतून बाहेर पडते. शेअरपॉइंटच्या एका लायब्ररीत (फाइलींच्या एका संग्रहात) अशा वेगळ्या परवानग्यांची मर्यादा ५०,००० आहे, पण मायक्रोसॉफ्टचीच शिफारस ५,०००च्या आत राहण्याची आहे. मोठ्या प्रोजेक्टला रोज टास्क पडत असतील तर हा आकडा वाटतो तितका लांब नाही. आणि तो गाठायच्या कितीतरी आधी ‘ही फाइल कोणाकोणाला दिसते?’ या प्रश्नाचं उत्तर देणारं कुणी उरत नाही.

उलट्या दिशेचाही विचार करावा लागतो, तो सहसा सुटतो. फाइल उघडता आली नाही तरी तिचं नाव टास्कखाली दिसू शकतं. काही सॉफ्टवेअर जोडताना नाव आणि छोटं चित्र उचलून स्वतःकडे ठेवतात, आणि मग ते स्टोरेजच्या नियमांखाली येत नाही. फाइलचं नाव ‘कंत्राटदार बदल प्रस्ताव गोपनीय’ असेल तर आत काय आहे ते वाचायची गरज तरी काय! म्हणून आमच्याकडे फाइलींना नंबर असतो आणि साधं वर्णन असतं. ‘गोपनीय’ हा शब्द नावात घालायची सक्त मनाई आहे, तो घातला की सगळे आधी तीच फाइल बघतात.

या बाबतीत मला पटलेली मांडणी ओपनप्रोजेक्ट (प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर) आणि नेक्स्टक्लाउड (स्टोरेज) या जोडीची आहे. दोन्ही मुक्त स्रोतातली आणि आपल्या सर्व्हरवर चालवता येणारी. तिथे प्रोजेक्टचा फोल्डर सॉफ्टवेअरच्या हवाली करता येतो. प्रोजेक्ट तयार झाला की त्याचा फोल्डर आपोआप होतो, आणि प्रोजेक्टमध्ये ज्याला जी मुभा आहे त्यानुसार फोल्डरमध्ये त्याला वाचायची, लिहायची किंवा पुसायची परवानगी मिळते. माणूस प्रोजेक्टमधून काढला की फोल्डरमधूनही निघतो. म्हणजे यादी एकाच ठिकाणी सांभाळायची. उभारताना मात्र कटकट आहे. जोडणी दोन्ही बाजूंनी करायची असते, दोन्ही सर्व्हर एकमेकांना दिसायला हवेत, प्रमाणपत्रं नीट हवीत. शिवाय सहसा प्रत्येकाला एकदा आपलं खातं स्वतः जोडावं लागतं. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण ते माणसांकडून करून घ्यायचं असतं. आयटी सांगतं ‘रोलआउट पूर्ण’, आणि निम्म्या लोकांनी ते बटण दाबलेलंच नसतं.

लिंक लावायची की प्रत चढवायची, यावरही लोक ठाम मतं बाळगून असतात. ‘लिंकच लावा, प्रती नकोत’ असं आयटी सांगतं, आणि चालू कामापुरतं ते बरोबरच आहे. प्रत चढवली की तिचा मूळ फाइलशी संबंध तुटतो, शिवाय मर्यादा असतातच. आसना या प्रोजेक्टच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट चढवायची फाइल १०० एमबीपर्यंत, तशाच ट्रेलोच्या फुकटच्या आवृत्तीत तर १० एमबी. पण मंजुरीच्या टास्कला नुसती लिंक लावलेली मला चालत नाही. लिंक आजची फाइल दाखवते. परवा ज्यावर ‘मंजूर’ लिहिलं ती फाइल ती दाखवेलच असं नाही. कुणी त्याच नावावर पुढची रिव्हिजन चढवली तर मंजुरीचा शेरा जुन्यावरचा आणि खाली फाइल नवी, आणि बोर्डवर सगळं हिरवं. जुनी आवृत्ती काढून बघू म्हणाल तर ड्राइव्ह पीडीएफ किंवा कॅडसारख्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्या झाल्या की पुसू शकतं; ‘कायम ठेवा’ अशी खूण मुद्दाम करावी लागते.

बांधकामाच्या माहितीसाठी २०१८चं जे आयएसओ १९६५० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात फाइलच्या अवस्था नीट वेगळ्या केल्यात: वर्क इन प्रोग्रेस, शेअर्ड, पब्लिश्ड, अर्काइव्ह. आमचे फोल्डर त्याच नावांचे आहेत. पहिल्या दोन अवस्थांत टास्कला लिंक. पब्लिश्ड झालं, जीएफसीचा (‘गुड फॉर कन्स्ट्रक्शन’, म्हणजे बांधकामासाठी मंजूर) शिक्का पडला, की गोठवलेली पीडीएफ टास्कला प्रत म्हणून चढते, रिव्हिजन नंबरासकट, आणि तो फोल्डर माझ्याशिवाय सगळ्यांना फक्त वाचण्यापुरता. यावरून मला ‘हेडमास्तरीण’ म्हणतात. म्हणू देत.

फाइलच्या नावांबद्दल दोन शब्द, कारण मराठीत नावं देणाऱ्यांना हा त्रास जास्त आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये (संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत) तीन बाइट घेतं, आणि लिंकमध्ये गेलं की त्याची टक्क्याच्या खुणांसकट नऊ अक्षरं होतात. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे ‘आराखडा’ हा एवढासा शब्द लिंकमध्ये ५४ अक्षरांचा होतो. शेअरपॉइंट आपली ४०० अक्षरांची मर्यादा मूळ अक्षरांवर मोजतं, त्यामुळे तिथे निभावतं. पण बहुतेक लिनक्स सर्व्हरवर एका नावाला २५५ बाइट असतात, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं. ‘सुधारित तळमजला’पासून सुरू होणारं वाक्यभर नाव तिथे बसत नाही.

याहून फसवा प्रकार ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या र-चा. एका कीबोर्डवर तो ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून उमटतो, दुसऱ्या कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावं. एकदा प्रोजेक्टमध्ये ‘दुसऱ्या मजल्याचा नकाशा’ नावाचे दोन फोल्डर शेजारीशेजारी होते, निम्मी ड्रॉइंग एकात, निम्मी दुसऱ्यात, आणि बोर्ड त्यातल्या एकालाच जोडलेला. शोधून सापडेना, कारण शोधणाऱ्याचा कीबोर्डही दोनपैकी एक असणारच. तेव्हापासून फोल्डरची नावं नंबराने सुरू होतात आणि यंत्र देतं. मराठी वर्णन आतल्या शीर्षकात, तिथे हवं तेवढं लिहा.

जोडणी झाली की मी तपासते कशी, तेही सांगते. ॲडमिनच्या खात्यातून सगळं चालतंच, ते बघण्यात अर्थ नाही. आमच्याकडे एक बनावट वापरकर्ता आहे, सगळ्यात कमी अधिकारांचा. त्याच्या नावाने मोबाइलवर लॉग-इन करते आणि टास्क उघडते. जे उघडायला हवं ते उघडतं का? जे उघडू नये त्याचं नाव तरी दिसतं का? मग त्याला प्रोजेक्टमधून काढते आणि जुनी लिंक जपून ठेवलेल्या माणसासारखी पुन्हा टिचकी मारते. मग एक फोल्डर दुसरीकडे हलवते. ड्राइव्हमध्ये फाइलची ओळख तिच्या आयडीवर असते, नाव बदललं, जागा बदलली तरी लिंक टिकते. पण शेअरपॉइंटवर ब्राउझरच्या पट्टीतून उचललेला फोल्डरच्या रस्त्याचा पत्ता असेल तर तो हमखास तुटतो. कुणी कुठे कसली लिंक चिकटवली आहे हे अशा वेळी कळतं.

सध्या घोडं अडलंय ते बाहेरच्या सल्लागारांवर. स्ट्रक्चरलवाले, फायरवाले, त्यांची माणसं बोर्डवर पाहुणी म्हणून आहेत. स्टोरेजमध्ये त्यांना कुठवर येऊ द्यायचं हे ठरत नाही. त्यांच्यासाठी देवाणघेवाणीचा वेगळा फोल्डर हवा यावर एकमत आहे, त्यात शेअर्ड अवस्थेतलंच काय ते जाईल यावरही. भांडण मुदतीवरून आहे. आयटीला सगळ्या पाहुण्यांना सरसकट ९० दिवस द्यायचेत, कारण ते एका सेटिंगमध्ये होतं. मला ती तारीख ज्याच्या त्याच्या टप्प्याच्या सबमिशनला बांधून हवी आहे, कारण फायरवाल्यांचं काम तीन आठवड्यांत संपतं आणि स्ट्रक्चरलचं वर्षभर चालतं. ते म्हणतात, हाताने तारखा कोण भरणार? मी म्हटलं, मी भरते. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.